मोटारगाडीतील नियंत्रकांचे संदेशवहन व दोषनिदान

मोटारगाडीतील एंजिन, गतिरोधक, गिअरपेटी, सुकाणू, दिवे, दारे इ. भागांचे नियमन करणाऱ्या इलेक्ट्रॉनीय नियंत्रकांमध्ये विद्युत् संकेतांच्या रूपाने माहितीची सतत देवघेव चालू असते. या देवघेवीत उद्‌भवणारे दोष ओळखणे, त्यांचे स्थान निश्चित करणे व त्यांचे मूळ कारण सिद्ध करणे या प्रक्रियेस संदेशवहन दोषनिदान म्हणतात. एखादा सुटा भाग निकामी होणे आणि सुस्थितीतील दोन भागांमधील संबंध तुटणे हे दोन निराळ्या प्रकारचे बिघाड होत. पहिल्या प्रकारात बिघडलेला भागच बहुधा लक्षण दाखवितो. दुसऱ्यात मात्र तक्रार करणारा भाग निर्दोष असतो व ज्याच्याविषयी तक्रार आहे तोही पुष्कळदा निर्दोष असतो. दोष त्यांच्यामधील तारेत, जोडणीत किंवा विद्युत् पुरवठ्यात असतो. या भेदाचे आकलन हळूहळू कसे होत गेले व त्यातून शोधाच्या कोणत्या रीती निर्माण झाल्या, हा या विषयाच्या इतिहासाचा गाभा आहे. [⟶ मोटारगाडी].

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मोटारगाडीत विद्युत् मंडले मोजकीच असत. घटमाला, जनित्र, प्रारंभक, प्रज्वलन, दिवे व कर्णा यांसाठी प्रत्येकी स्वतंत्र तार असे आणि परतीचा मार्ग म्हणून गाडीच्या धातूच्या सांगाड्याचा उपयोग होई. त्यामुळे दोष शोधणे म्हणजे विजेच्या मार्गाने एकेका टप्प्यावर जाऊन ती कोठे खुंटली ते पाहणे होय. त्यासाठी तारेला जोडलेला लहानसा दिवा पुरेसा होई. दिवा जेथवर लागतो तेथवर मार्ग अखंड आहे व त्यापुढे तो तुटला आहे, हा निष्कर्ष निःसंदिग्ध असे.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाचा प्रवेश झाल्यावर ही स्थिती पालटू लागली. जर्मनीतील रॉबर्ट बॉश या कंपनीने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनीय इंधन अंतःक्षेपण प्रणाली प्रचारात आणली. १९७८ मध्ये तिने मर्सिडीझ-बेंझच्या गाड्यांसाठी चाके जखडू न देणारी गतिरोधक प्रणाली दिली. १९७९ मध्ये प्रज्वलन व इंधन अंतःक्षेपण या दोहोंचे एकत्र नियंत्रण करणारी मोट्रॉनिक प्रणाली बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत आली. यांपैकी प्रत्येक प्रणालीचे स्वतःचे संवेदक व स्वतःच्या तारा असत. एकाच राशीची, उदा., वेगाची, माहिती दोन नियंत्रकांना हवी असल्यास ती दोन वेगळ्या मार्गांनी न्यावी लागे. नियंत्रकांची संख्या वाढत गेली, तशी तारांच्या जुडीची जाडी, वजन व किंमत वाढली आणि जोडण्याही वाढल्या. गाडीच्या विद्युत् व्यवस्थेतील बहुतेक बिघाड जोडण्यांमध्येच होत असल्यामुळे ही वाढ विश्वसनीयतेच्या दृष्टीने चिंतेची होती.

लुकलुकत्या दिव्याची भाषा : आपल्या बिघाडाची नोंद नियंत्रकाने स्वतःच करावी, ही कल्पना १९८० च्या सुमारास व्यवहारात आली. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९८१ मध्ये आपल्या गाड्यांत एंजिनाच्या संगणकीय नियंत्रणाबरोबर एक सूचक दिवा व निदानासाठी एक जोडणी दिली. या जोडणीची ठराविक टोके एकमेकांस जोडली की, दिवा विशिष्ट क्रमाने लुकलुके. एकदा लागून थांबला व नंतर दोनदा लागला, तर तो संकेतांक १२ समजला जाई. एंजिन बंद असताना दिसणारा हा संकेतांक निदान यंत्रणा चालू असल्याचे दर्शवी. इतर संकेतांक एखाद्या संवेदकाच्या मंडलातील दोष दाखवीत.

कॅलिफोर्निया राज्याच्या हवा साधनसंपत्ती मंडळाने वायुप्रदूषणास आळा घालण्यासाठी १९८८ च्या प्रतिमानांपासून अशी स्वयंनिदान यंत्रणा आवश्यक केली. तथापि संकेतांक, जोडणीचा आकार व वाचण्याची रीत ही कंपनीगणिक वेगळी होती. या पिढीतील संकेतांकांची मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. नियंत्रक स्वतःस जोडलेल्या संवेदकांविषयीच सांगू शके. इतर नियंत्रकांशी त्याचा फारसा संबंध नसल्याने त्यांच्याविषयी सांगण्याजोगे त्याच्यापाशी काही नसे. त्यामुळे संकेतांक वाचणे म्हणजे सदोष भाग ओळखणे, अशी समजूत कारागिरांमध्ये रूढ झाली. पुढील काळात हीच समजूत चुकीच्या निदानांचे मोठे कारण ठरली.

सामाईक वाहिनीचा उदय : बॉश कंपनीत १९८३ पासून नियंत्रकांना एकाच सामाईक वाहिनीने जोडण्याच्या पद्धतीवर काम सुरू झाले. तारा कमी करणे एवढाच त्यामागील हेतू नव्हता. अनेक नियंत्रकांच्या सहकार्याने नवी कार्ये साध्य करणे हा मुख्य हेतू होता. ऊवे कीन्के, झीगफ्रीट डाइस व मार्टिन लित्शेल यांनी ही पद्धती फेब्रुवारी १९८६ मध्ये डिट्रॉइट येथे सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स या संस्थेच्या परिषदेत मांडली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘कॅन’ या नावाने ओळखली जाते. १९८७ मध्ये इंटेल कंपनीने या पद्धतीचे पहिले संकलित मंडल तयार केले व त्यानंतर लवकरच फिलिप्स कंपनीचेही आले. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मर्सिडीझ-बेंझच्या उच्च श्रेणीतील गाड्यांमध्ये तिचा वापर सुरू झाला. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तिला आयएसओ ११८९८ या क्रमांकाचे मानक म्हणून मान्यता दिली.

या पद्धतीच्या शीघ्रगती प्रकारात एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा असतात. संदेश नसताना दोन्ही तारांवरील विद्युत् दाब सुमारे २.५ व्होल्ट असतो. या अवस्थेस अप्रभावी अवस्था म्हणतात. प्रभावी अवस्थेत एका तारेवरील दाब सुमारे ३.५ व्होल्टपर्यंत वाढतो, तर दुसरीवरील सुमारे १.५ व्होल्टपर्यंत उतरतो. संदेश या दोहोंमधील फरकावरून वाचला जातो. बाहेरील विद्युत् क्षोभाचा परिणाम दोन्ही तारांवर सारखाच होत असल्याने फरक कायम राहतो व संदेश बिघडत नाही. वाहिनीच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक जोडलेला असतो. त्यामुळे टोकापाशी पोहोचलेला संकेत परावर्तित होऊन मागे येत नाही.

वाहिनीवर कोणीही प्रमुख नसतो. प्रत्येक संदेशाला ओळखक्रमांक असतो. दोन नियंत्रकांनी एकाच वेळी संदेश पाठविण्यास प्रारंभ केल्यास लहान क्रमांकाचा संदेश अबाधितपणे पुढे जातो आणि दुसरा नियंत्रक माघार घेऊन पुन्हा प्रयत्न करतो. संदेशावर तो कोणासाठी आहे याचा उल्लेख नसतो. ज्याला त्या माहितीची गरज आहे तो ती घेतो. चाकाच्या वेगाची माहिती एकदाच वाहिनीवर आली की, गतिरोधक, गिअरपेटी, वेगदर्शक व एंजिन या सर्वांना ती मिळते. या सोयीची दुसरी बाजू अशी की, ती माहिती थांबल्यास हे सर्व भाग एकदम बाधित होतात आणि प्रत्येक आपापल्या परीने तक्रार नोंदवितो.

दोषाचा स्वयंशोध व मौन : कॅन पद्धतीच्या रचनेतच दोष ओळखण्याची व्यवस्था आहे. पाठविलेला व प्रत्यक्ष वाहिनीवर दिसणारा द्विमान अंक वेगळा असणे, सारख्या अंकांची मर्यादेबाहेर ओळ लागणे, संदेशाची चौकट विसंगत असणे, तपासणी-संख्या न जुळणे आणि पोच न मिळणे असे पाच प्रकारचे दोष प्रत्येक नियंत्रक पाहत असतो. दोष आढळताच तो संदेश रद्द ठरविला जाऊन पुन्हा पाठविला जातो.

प्रत्येक नियंत्रक आपल्या दोषांची मोजणीही करतो. पाठविताना दोष झाल्यास मोजणी सामान्यतः ८ ने वाढते व संदेश यशस्वीपणे गेल्यास १ ने कमी होते. मोजणी १२७ च्या वर गेली की, नियंत्रकाचा इतरांचे संदेश रद्द करण्याचा अधिकार जातो. ती २५५ च्या वर गेली की, तो वाहिनीपासून स्वतःस पूर्णपणे अलग करून घेतो. एका बिघडलेल्या घटकाने सर्वांचे संभाषण बंद पाडू नये हा यामागील हेतू होय. ज्या नियंत्रकाची तार तुटली आहे त्याची गोष्ट निराळी असते. त्याला पोच मिळत नाही म्हणून तो प्रयत्न करीत राहतो, परंतु केवळ तेवढ्या कारणाने तो अलग होत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र दोन्ही स्थितींत एकच गोष्ट दिसते व ती म्हणजे मौन. फ्यूज उडाल्याने विद्युत् पुरवठा बंद झालेला नियंत्रकही तितकाच मूक असतो. मौनाची कारणे अनेक व लक्षण एक, हीच या दोषनिदानातील मूळ अडचण आहे.

संकेतांकांचे प्रमाणीकरण : अमेरिकेत १९९६ च्या प्रतिमानांपासून सर्व नव्या मोटारगाड्यांत दुसऱ्या पिढीची स्वयंनिदान यंत्रणा सक्तीची झाली. तिच्यासाठी १६ टोकांची एकच प्रमाण जोडणी ठरविण्यात आली. संकेतांकांचेही चार वर्ग करण्यात आले. ‘पी’ हे अक्षर एंजिन व शक्तिसंक्रमण, ‘सी’ हे चाके, गतिरोधक व सुकाणू, ‘बी’ हे गाडीचा सांगाडा व अंतर्भाग आणि ‘यू’ हे नियंत्रकांचे जाळे यांसाठी वापरले जाते. संदेशवहनाला स्वतंत्र वर्ग मिळाला ही महत्त्वाची घटना होय. संबंधातील बिघाड हा भागातील बिघाडाहून वेगळा आहे, हे यामुळे प्रथमच औपचारिकपणे मान्य झाले.

जोडणी एक झाली, तरी तीमधून चालणारी भाषा एक नव्हती. फोर्ड कंपनी दर सेकंदास ४१.६ हजार द्विमान अंकांची, तर जनरल मोटर्स १०.४ हजार अंकांची पद्धती वापरीत असे. यूरोपीय व आशियाई गाड्यांत आयएसओ ९१४१ व तिच्यानंतरची आयएसओ १४२३० या पद्धती प्रचलित होत्या. यूरोपीय संघात पेट्रोलवरील नव्या गाड्यांना २००१ पासून अशी यंत्रणा आवश्यक झाली. अमेरिकेत २००८ च्या प्रतिमानांपासून निदानासाठी कॅन पद्धती सक्तीची झाल्यावर भाषांचा हा गोंधळ पुष्कळसा संपला. जोडणीतील ६ व १४ क्रमांकांची टोके कॅनच्या दोन तारांसाठी राखलेली आहेत. २००५ मध्ये कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने बाजारात आणलेल्या ईएलएम ३२७ या संकलित मंडलामुळे स्वस्त स्कॅनर तयार होऊ लागले व संकेतांक वाचणे सामान्य गॅरेजच्या आवाक्यात आले.

संकेतांकाचा अर्थ : ‘यू ०१००’ या संकेतांकाचा अर्थ एंजिनाच्या नियंत्रकाशी संपर्क तुटला असा आहे. ‘यू ०१२१’ हा गतिरोधकाच्या नियंत्रकाविषयी तेच सांगतो. यांपैकी कोणताही संकेतांक तो नियंत्रक बिघडला आहे असे म्हणत नाही. ठराविक मुदतीत अपेक्षित संदेश आला नाही, एवढेच नोंदविणारा नियंत्रक सांगत असतो. न्यायालयाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्ष आणि निकाल यांतील फरक न पाळल्यामुळे सुस्थितीतील महागडे नियंत्रक बदलले जातात, मालकास मोठा भुर्दंड पडतो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. गतिरोधक किंवा सुकाणू यांच्या बाबतीत असा राहिलेला दोष जिवावर बेतू शकतो.

म्हणून अनेक साक्षी एकत्र मांडून पाहणे आवश्यक ठरते. गतिरोधकाच्या नियंत्रकाविषयी सर्वांचीच तक्रार असेल, तर त्याचा पुरवठा, अर्थ किंवा वाहिनीपासून त्याच्याकडे जाणारी शाखा संशयास्पद ठरते. एकाच नियंत्रकाची तक्रार असेल व इतरांना संदेश व्यवस्थित मिळत असतील, तर तक्रार करणाऱ्याची बाजू तपासावी लागते. वाहिनीच्या एका बाजूचे सर्व नियंत्रक मूक व दुसऱ्या बाजूचे बोलके असतील, तर त्या दोन गटांमध्ये तार तुटली असण्याचा संभव असतो. या तर्कासाठी त्या गाडीचा तारांचा नकाशा हाती असणे अपरिहार्य आहे.

मापनाची पद्धती : तर्काने स्थान संकुचित झाल्यावर प्रत्यक्ष मापन करावे लागते. प्रथम घटमालेचा दाब, फ्यूज व अर्थ तपासतात. क्षीण घटमालेमुळे एंजिन सुरू करताना दाब फार उतरतो व अनेक नियंत्रक क्षणभर मूक होऊन संकेतांकांची मालिका नोंदवितात. तिचा वाहिनीशी काही संबंध नसतो.

त्यानंतर घटमाला अलग करून कॅनच्या दोन तारांमधील रोध मल्टिमीटरने मोजतात. टोकांचे १२० ओहमचे दोन रोधक समांतर जोडणीत असल्याने सुस्थितीत हा रोध सुमारे ६० ओहम भरतो. तो १२० ओहम भरल्यास एक रोधक अथवा त्याकडे जाणारी तार तुटलेली असते. तो शून्याजवळ असल्यास दोन्ही तारा एकमेकींस चिकटलेल्या असतात. सुमारे ४० ओहम भरल्यास आणखी एक रोधक, बहुधा चुकीच्या प्रकारचा नियंत्रक बसविल्यामुळे, जोडला गेलेला असतो. मात्र ६० ओहम मिळाले म्हणजे वाहिनी निर्दोष असा उलट निष्कर्ष काढता येत नाही. एखादी तार सांगाड्यास टेकली असली तरी दोन तारांमधील रोध ६० ओहमच राहतो. त्यासाठी प्रत्येक तारेचा सांगाड्याशी असलेला रोध व पुरवठा चालू असतानाचा दाब पाहावा लागतो.

वाहिनी चालू असताना मल्टिमीटर दाबाची सरासरी दाखवितो. ती एका तारेवर २.५ व्होल्टच्या किंचित वर व दुसरीवर किंचित खाली असते. सरासरीत क्षणिक दोष लपतात. ते पाहण्यासाठी दोलनदर्शक लागतो. निरोगी वाहिनीवर दोन्ही तारांचे संकेत आरशातील प्रतिमांप्रमाणे परस्परविरुद्ध दिसतात. कडा गोलावलेल्या असणे, एक तार स्तब्ध असणे किंवा संकेतामागे लहरी उमटणे यांवरून अनुक्रमे धारिता वाढणे, तार टेकणे व टोकाचा रोधक नाहीसा होणे यांचा अंदाज बांधता येतो. दोष कोणत्या शाखेत आहे हे ठरविण्यासाठी नियंत्रक एकेक करून अलग करतात आणि कोणता काढल्यावर वाहिनी पूर्ववत होते ते पाहतात. शंभर वर्षांपूर्वीच्या चाचणी-दिव्यामागील तत्त्वच येथे वेगळ्या रूपात वापरले जाते.

दमट हवा व पावसाचे पाणी यांमुळे जोडण्यांत पाणी शिरून धातूस हिरवट क्षार चढणे, बिजागरीपाशी दाराच्या तारा वारंवार वाकून तुटणे व गाडी तापल्यावरच दोष प्रकट होणे हे प्रकार विशेष त्रासदायक असतात. अशा वेळी जोडणी हलवून, ओली करून किंवा तापवून दोष मुद्दाम घडवून आणावा लागतो. संथगती कॅनचा एक प्रकार एक तार तुटली तरी दुसरीवर काम चालू ठेवू शकतो. त्यात दोष दीर्घकाळ लपून राहतो व दुसरी तार बिघडल्यावरच उघडकीस येतो.

जाळ्यांचा विस्तार व कुलूपबंदी : एकविसाव्या शतकात एका गाडीत अनेक जाळी नांदू लागली. खिडक्या, आरसे यांसारख्या साध्या कार्यांसाठी एका तारेची स्वस्त लिन पद्धती आली. २००६ मध्ये बीएमडब्ल्यू एक्स ५ या गाडीत फ्लेक्सरे पद्धती प्रथम वापरली गेली. २०१२ मध्ये बॉशने कॅनचा अधिक वेगवान प्रकार जाहीर केला. २०१५ मध्ये तारांच्या एकाच जोडीवर चालणाऱ्या ईथरनेटचे मानक प्रसिद्ध झाले. या जाळ्यांमधील देवघेव गेटवे नावाच्या मध्यस्थ नियंत्रकामार्फत होते. निदानाची जोडणी पुष्कळदा या मध्यस्थापर्यंतच पोहोचत असल्याने आतील वाहिनीचा रोध तेथून मोजता येत नाही. मध्यस्थ स्वतःच बिघडला तर सर्व गाडी मूक भासते.

मध्यस्थाला पहारेकऱ्याची भूमिकाही मिळाली. वाहिनीवरील संदेश कोणी पाठविला याची शहानिशा करण्याची सोय मूळ कॅन पद्धतीत नव्हती. २०१५ मध्ये चार्ली मिलर व क्रिस व्हॅलासेक या अमेरिकी संशोधकांनी एका जीप गाडीच्या वाहिनीत बिनतारी मार्गाने दुरून शिरकाव करून दाखविला. त्यानंतर फिआट क्रायस्लर कंपनीने सुमारे १४ लाख गाड्या सुधारणेसाठी परत मागविल्या. तिच्या २०१८ पासूनच्या अनेक गाड्यांत नोंदणीकृत उपकरणाखेरीज इतरांना संकेतांक पुसणे वा चाचणी घेणे अशक्य झाले. सुरक्षेसाठी लावलेले हे कुलूप स्वतंत्र कारागिरालाही बाहेर ठेवते.

माहितीचा अधिकार : निदानाची साधने व तारांचे नकाशे कोणाच्या हाती असावेत, हा प्रश्न यामुळे सार्वजनिक महत्त्वाचा बनला. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी दुरुस्तीच्या अधिकाराचा कायदा मंजूर केला. भारतात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निर्णय दिला. सुटे भाग, तांत्रिक माहिती व निदानाची उपकरणे स्वतंत्र दुरुस्तीकारांना न देणे हा बाजारातील प्रभावी स्थानाचा गैरवापर होय, असे आयोगाने ठरविले आणि २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड केला. या निर्णयाविरुद्ध पुढे अपिले झाली, तथापि निदानाची माहिती हा स्पर्धेच्या कायद्याचा विषय आहे हे त्यामुळे प्रस्थापित झाले.

भारतात एप्रिल २०१० मध्ये दिल्ली परिसर, मुंबई, पुणे, सोलापूर इ. शहरांत भारत स्टेज चार ही उत्सर्जन मानके लागू झाली. त्यांबरोबर पहिल्या टप्प्याची व एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्याची स्वयंनिदान यंत्रणा आवश्यक करण्यात आली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा मानके देशभर लागू झाली. नव्या प्रतिमानांच्या मान्यतेसाठी चाचण्या घेणाऱ्या संस्थांत पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा समावेश होतो. या मानकांमुळे नियंत्रकांचे जाळे लहान गाड्यांतही पोहोचले आणि त्याचबरोबर गावोगावच्या गॅरेजमधील कारागिरापुढे हा नवा विषय उभा राहिला.

सुमारे चार दशकांच्या या वाटचालीत गाडी स्वतःविषयी अधिकाधिक बोलू लागली, परंतु निदानाचा भार हलका झाला नाही. तो हातांकडून विचाराकडे सरकला. संकेतांक शोधाची दिशा देतो व मापन त्या दिशेची परीक्षा करते. नियंत्रक बदलण्याचा निर्णय त्याचा पुरवठा, अर्थ व दोन्ही तारा निर्दोष असल्याचे मापनाने सिद्ध झाल्यानंतरच घेणे शास्त्रशुद्ध ठरते. अशी परीक्षा करता येण्यासाठी नकाशा, साधन व प्रशिक्षण ही तिन्ही कारागिरास उपलब्ध असणे, ही सुरक्षित व परवडणाऱ्या वाहनव्यवहाराची एक अट झाली आहे.